उजव्या सीटचा लाल दिवा

माधव आपटे अमेरिकेहून दोन गोष्टी घेऊन आला: एक डॉक्टरेट आणि एक गाडी. डॉक्टरेटचा लखनौत कोणालाही त्रास झाला नाही. गाडीने मात्र अख्ख्या गल्लीचे कान किटवले.

गाडी फिकट हिरवी, ऐसपैस, आणि स्टिअरिंग डावीकडे. म्हणजे आपल्याकडे ड्रायव्हर बसतो त्या जागी, उजवीकडे, शेजारचा माणूस बसायचा. त्याने पट्टा लावला नाही तर समोर लाल दिवा लागे आणि डॅशबोर्डच्या पोटातून बझर भुणभुणू लागे. सत्त्याहत्तर साली लखनौत गाडीत पट्टा बांधून बसणाऱ्याला लोक आजारी समजत, पण गाडीला कोण समजावणार? पट्टा लावल्याशिवाय ती कोणालाही गप्प बसू देत नसे. इथवर ठीक होतं. होळी झाली आणि तिचं डोकं फिरलं. उजवी सीट रिकामी असतानाही बझर वाजायला लागला. गाडी गिअरमध्ये टाकली की लागला लाल दिवा, सुरू झालं रडगाणं. सीटवर कोणीतरी बसलंय आणि त्याने पट्टा लावलेला नाही, असं गाडीचं ठाम म्हणणं. सीटवर पाहावं तर माशीसुद्धा नाही.

माधव वैतागला. त्याची बायको मृणाल तोंडाने ‘काय बाई कटकट’ म्हणाली, पण मनातून तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाची थोडी लाजही वाटली. कारण गाडी बिघडली म्हणून आबांचं जाणं लांबलं होतं.

आबा म्हणजे माधवचे वडील, दिनकरराव. मिरज जंक्शनवर सिग्नल इन्स्पेक्टर म्हणून त्यांनी उभी हयात काढली होती. गेल्या दिवाळीत माधवची आई, लीलावतीबाई गेल्या आणि संक्रांतीच्या सुमाराला माधव त्यांना लखनौला घेऊन आला. आले ते पाहुण्यासारखे आले आणि पाहुण्यासारखेच राहिले. सकाळी कोणी उठायच्या आत अंथरुणाची वळकटी बांधून ठेवायची, आपला कप आपण विसळायचा, पेपर वाचून झाला की होता तसा घडी घालून ठेवायचा. मृणालने कपाटातला एक खण त्यांच्यासाठी रिकामा करून दिला होता. तो रिकामाच राहिला. आबांचे कपडे ट्रंकेत होते आणि ट्रंक दाराशी होती. होळीनंतरचं मिरजेचं तिकीटही काढून झालं होतं.

मृणालला ते जायला नको होते. सासऱ्याची सेवा वगैरे मोठ्या गोष्टी तिच्या डोक्यात नव्हत्या. तिला करमत नव्हतं, एवढी साधी गोष्ट. माधव सकाळी संस्थेच्या बसने जायचा तो दिवेलागणीला परत यायचा, आणि आल्यावरही त्याचं अर्धं चित्त प्रयोगशाळेतल्या उंदरांपाशी असायचं. दिवसभर शेजारच्या मिश्राइनभाभींशी हिंदी बोलून मृणालची जीभ आंबून जायची. आबा फार बोलत नसत, पण आमटीत गूळ कमी पडला तर सांगत, आणि ते मराठीत सांगत. या अफाट गावात आपल्या आमटीतला गूळ कळणारं माणूस म्हणजे काय, हे तिचं तिलाच ठाऊक.

बझर पहिल्यांदा बोंबलला तेव्हा माधव म्हणाला, “होळीला पोरांनी रंग ओतला होता ना गाडीत? धुताना पाणी शिरलं असेल वायरीत. कापून टाकतो वायर. एक मिनिटाचं काम.”

आबा पेपरमागून बाहेर आले. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. “वायर कापतोस? उद्या खरोखर कोणी पट्टा न लावता बसलं तर सांगणार कोण? सिग्नल लाल दाखवतोय म्हणून सिग्नलचाच गळा कापायचा?”

“मग रिकाम्या सीटवरच पट्टा लावून ठेवू. गप्प बसेल.”

“म्हणजे माणूस नाही आणि त्याला बांधून ठेवलंय. वा! हे शिकलास का अमेरिकेत?” आबांनी चष्मा पुसला. “हे बघ, सिग्नल बिघडला की तो लालच पडतो. तसाच बनवलेला असतो. हिरवा पडला तर माणसं मरतील, लाल पडला तर नुसती खोळंबतील. तेव्हा बिघडलेल्या लालवर रागवायचं नाही. त्याला काय दुखतंय ते शोधायचं. मी शोधतो. हा दोष काढतो आणि मग निघतो.”

ते स्वतः चारबाग स्टेशनवर जाऊन तिकीट रद्द करून आले. मृणालचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवसापासून अंगणात आबांचा कारखाना सुरू झाला. माधवची बस गेली की आबा जुन्या बंडीत, हातात टॉर्च घेऊन गाडीखाली जुना पेपर अंथरायचे. मृणाल पाने आणि पक्कड हातात देत बसायची. त्यांनी पट्ट्याचं कुलूप रॉकेलने धुतलं. कार्पेट उचलून वायर इंचाइंचाने तपासली, उन्हात वाळवली. बझर काढून तो कानाशी धरला, डॉक्टरसारखा. “याची काही चूक नाही,” म्हणाले. “हा बिचारा सांगितलेलं काम करतोय. याला सांगणारा कोणीतरी खोटं सांगतोय.” प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी पुन्हा पिशवीतल्या मांजरासारखी ओरडायची आणि मृणालच्या पोटात गुदगुल्या व्हायच्या.

दुरुस्ती झाली की चाचणी. मृणाल अमेरिकेत गाडी शिकली होती, तेव्हा चाचणीला डावीकडे ती आणि उजवीकडे आबा. आबा बसले, त्यांनी पट्टा लावला की गाडी गप्प. फैजाबाद रोडने चिनहटपर्यंत जायचं, तिथे आबांनी उतरायचं, रिकाम्या सीटने थोडं पुढे जाऊन बझर वाजतो का पाहायचं, आणि तो वाजला की त्यांना घेऊन परत यायचं. रस्त्यावरच्या लोकांना वाटे, गाडी आबाच चालवतायत, तीही हाताची घडी घालून. एकदा एक रिक्षावाला शेजारून ओरडला, “चाचा, हाथ तो लगाइए! अल्लाह के भरोसे जा रहे हैं का?” आबांनी गंभीरपणे दोन्ही हात वर करून दाखवले. रिक्षावाला जो बाजूला झाला तो थेट नालीकाठी. मृणाल इतकी हसली की तिला गाडी थांबवावी लागली, आणि आबाही हसले. ते हसताना माधवसारखे दिसतात हे तिला तेव्हा कळलं.

त्या चाचण्यांमध्येच आबा बोलायला लागले. समोर रस्ता असला की त्यांना बोलणं सोपं जायचं. “ही घड्याळ बघायची नाही,” एकदा म्हणाले. ही म्हणजे लीलावतीबाई. “क्वार्टर लाइनीला लागूनच होतं. दुपारची मालगाडी स्टेशनाबाहेरच्या आउटर सिग्नलला थांबून शिट्टी मारायची, की ही भात टाकायची. सिग्नल पडून गाडी स्टेशनात शिरली की मी निघायचो, घरी येईपर्यंत भाताला वाफ आलेली. एकदा मालगाडी आलीच नाही. घरी गेलो तर ही कोरडे तांदूळ मांडीवर घेऊन बसलेली. म्हटलं, अगं भात? तर म्हणते, अजून तुमची गाडी कुठे आलीय?” त्यांनी खिडकीची काच खाली केली. “आता मिरजेत भात टाकला काय नि नाही टाकला काय.”

मृणालच्या अगदी ओठावर आलं की आबा, मग जाता कशाला? पण ते तिने गिळलं. मुलगा घरात असताना सुनेने म्हणायचं म्हणजे त्यांना ते तोंडदेखलं वाटेल, असं तिला वाटलं.

मग एप्रिलचं ऊन चढलं आणि एका दुपारी, आबा वामकुक्षी घेत असताना, मृणालने उजव्या सीटचं कव्हर धुवायला काढलं. हे कव्हर तिनेच शिवून घेतलेले. होळीला आबा गुलालाने भिजलेल्या धोतरानिशी उजव्या सीटवर बसले आणि पांढऱ्या रेक्झिनवर असा गुलाबी डाग पडला की तो साबणाला बधेना. तेव्हा ती अमीनाबादला गेली, जाड खादी घेतली, नाड्या लावून कव्हर शिवून आणले आणि सीटखालून ओढून ओढून बांधले. ढिलं काम तिला खपत नसे. पलंगपोसाला सुरकुती पडली तरी तिला झोप लागत नसे.

कव्हर काढून झाल्यावर तिने गाडी उन्हातून कडुनिंबाच्या सावलीत घ्यायची म्हणून सुरू केली, गिअरमध्ये टाकली. आणि बझर वाजला नाही.

ती तशीच बसून राहिली. दिवा काळा. उजवी सीट रिकामी, आणि गाडी एखाद्या सुस्वभावी मुलीसारखी गप्प. तिने उतरून ते न धुतलेलं कव्हर पुन्हा चढवलं, नाड्या सैल बांधल्या. शांत. मग नाड्या नेहमीसारख्या दात-ओठ खाऊन आवळल्या. लागला दिवा, सुरू झाली भुणभुण.

म्हणजे तिच्या नाड्यांनी सीटची गादी खाली दाबली जात होती, आणि गादीखालच्या बटणाला वाटत होतं वर माणूस बसलाय. वायरीत पाणी नाही की काही नाही. होळीचं खापर पोरांवर फुटलं होतं आणि चोर घरातच होती, ती स्वतः.

धावत जाऊन आबांना उठवावं, असं तिला वाटलं. ती दोन पावलं गेलीसुद्धा. दाराशी ट्रंक होती. दोष काढतो आणि मग निघतो.

ती परत फिरली. कव्हर धुतलं, वाळवलं, आणि चढवून नाड्या होत्या तशा आवळल्या. वर सुरगाठी मारल्या, पुढच्या धुण्याला सुटायला बऱ्या. संध्याकाळी आबा टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले तेव्हा ती त्यांना पाना देत बसली आणि तिला स्वतःची चीड आली. पण पाना दिला.

असे दिवस चालले होते. वैशाख तापला तसा माधवही तापला. एका रविवारी मित्राकडे जेवायला जायचं होतं. पुन्हा चाचणी म्हणून आबांनी उजवी सीट रिकामी ठेवली; ते आणि मृणाल मागे बसले आणि माधव पुढे एकटा. अख्खा रस्ता ते वाद्य वाजत राहिलं. एका चौकात ट्रॅफिकच्या शिपायाने गाडी थांबवून विचारलं, भाईसाहब, अंदर कौन रो रहा है? घरी आल्यावर माधवचा बांध फुटला. “आबा, पुरे आता. दोन महिने झाले या एका बझरपायी! तुम्हीही अडकून पडलाय आणि गाडीही. बुधवारी मेकॅनिकला बोलावतो. संपवून टाकू एकदाचं.”

तो बझरबद्दल बोलत होता. आबांनी मात्र ते आपल्याबद्दल ऐकलं, हे मृणालला त्यांच्या झुकलेल्या मानेवरून कळलं. सोमवारी ते रिक्षाने चारबागला गेले आणि बुधवारचं तिकीट घेऊन आले. “दोष निघो न निघो,” म्हणाले, “फार दिवस झाले.”

मिश्राइनभाभी भिंतीपलीकडून डोकावल्या. “अरे चाचाजी! ऐसे कैसे? मलिहाबाद के दशहरी आम आने में महीना भर है। खाकर जाइए। हम तो नहीं जाने देंगे।”

आबांनी हात जोडले. आत येताना ते मृणालला नुसतंच म्हणाले, “मिश्राबाई राहा म्हणाल्या.”

बोलण्यात तक्रार नव्हती. पण मृणाल स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली आणि ते वाक्य तिच्या मनातून जाईना. मिश्राबाई राहा म्हणाल्या. मिश्राबाई. म्हणजे संक्रांतीपासून या घरात दुसऱ्या कोणी ते म्हटलंच नव्हतं.

मंगळवारी दुपारी तिने ठरवलं, की आपणच गाठी सोडायच्या, दोष दाखवून द्यायचा. जायचंच असेल तर निदान काम फत्ते करून तरी जाऊ देत. ती गाडीत ओणवी झाली, सीटखाली हात घातला आणि थबकली. तिच्या सुरगाठी तिथे नव्हत्या. होत्या त्या निरगाठी, चपट्या, पक्क्या, टोकं आत दुमडून घातलेल्या. आबा रोज सकाळी वळकटी बांधत तशा. आणि नाड्या तिने आवळल्या होत्या त्याहूनही जास्त आवळलेल्या.

म्हणजे आबांना कळलं होतं. त्यांनी कव्हर सोडलं होतं, गाडीची शांतता ऐकली होती, आणि मग ते पुन्हा बांधून टाकलं होतं. बिघडलेल्या लालला काय दुखतंय ते शोधणारा हा माणूस, हातातला टॉर्च तसाच ठेवून, रोज गाडीखाली शिरत होता, काही न शोधता. मृणाल त्या खादीवर डोकं टेकून रडली. कोणी पाहिलं असतं तर गाडीच्या सीटला एवढं कवटाळतेय म्हणून हसलं असतं.

संध्याकाळी बस आली तेव्हा ती फाटकातच उभी होती. माधवचा हात धरून तिने त्याला कडुनिंबाखाली नेलं आणि सगळं सांगितलं: आपल्या नाड्या, आपलं लपवणं, आबांच्या गाठी. “तुम्ही त्यांना राहा म्हणा.”

माधव गोंधळला. “राहा? आबांना राहा काय म्हणायचं? पाहुणे आहेत का ते? घर त्यांचंच आहे. राहा म्हणालो तर उलट वाईट वाटेल त्यांना.”

“म्हणून तुम्ही म्हणाला नाहीत?”

“अगं, मला वाटलं, त्यांनाच मिरज सुटत नाही. सारखी ती ट्रंक दाराशी...” त्याने घराच्या दाराकडे पाहिलं. घरच्या माणसाला राहा म्हटलं तर तो पाहुणा होतो, म्हणून मुलगा गप्प. कोणी राहा म्हणत नाही म्हणजे आपण पाहुणे, म्हणून बाप गप्प. दोघेही अगदी रीतीला धरून वागले होते, आणि त्या रीतीपायी उद्याच्या गाडीचं तिकीट निघालं होतं.

दोघे गाडीपाशी गेले. आबा आधीच तिथे होते, उजव्या सीटवर गुडघा टेकवून, वाकलेले. हातातल्या निरगाठी ते एकेक करून सोडवत होते.

“बरं झालं आलास,” वर न बघता ते म्हणाले. “उद्या मेकॅनिकला बोलावू नकोस. दोष कव्हरात आहे. नाड्या घट्ट बसतात. मला कळून बरेच दिवस झाले.” त्यांनी आणखी एक गाठ सोडवली. “उभ्या नोकरीत मी एकदाही जाणूनबुजून खोटा लाल दाखवला नाही, माधव. इथे दाखवला. म्हातारपणी बुद्धी फिरते माणसाची. जायच्या आधी सांगून टाकावं म्हटलं.”

“आबा, मलाही माहीत होतं,” मृणाल पटकन म्हणाली. “तुमच्याही आधी. मीच परत आवळलं होतं.”

आबांनी मान वर केली. आधी तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या नाडीकडे. “तरीच. मी सोडली तेव्हा सुरगाठ ताजी होती.”

माधवने त्यांच्या हातातून नाडी घेतली. तो ती सीटखालच्या दांडीला गुंडाळून आवळायला लागला. प्रयोगशाळेत केसाएवढी सुई धरणाऱ्या त्याच्या हातांतून गाठ दोनदा निसटली. “वाजू दे,” तो म्हणाला. “जन्मभर वाजू दे. आबा, राहा हो. आमच्याकडे... इथे. तुम्ही राहा. मला म्हणायला हवं होतं, मी म्हटलं नाही. आता म्हणतोय. राहा.”

आबांनी मुलाच्या हातावर हात ठेवला आणि ती नाडी त्याच्या बोटांतून हळूच सोडवून घेतली.

“असला खोटा लाल ठेवायचा नाही,” ते म्हणाले. “आणि आता कशाला हवाय? राहा म्हणालास ना? मग राहतो.” त्यांनी नाडी बोटभर सैल बांधली, गादी हाताने दाबून पाहिली, वर उठू दिली. “चल, चारबागला जाऊ. खिडकी बंद व्हायच्या आत तिकीट परत करतो.”

तिघेही निघाले. आबा पुढे उजवीकडे पट्टा लावून, मृणाल मागे. चारबागला आबा उतरून खिडकीकडे गेले, गर्दी ओलांडत, धोतराचा सोगा हातात धरून. मागून ओरडणाऱ्या टांगेवाल्यांसाठी माधवने गाडी थोडी पुढे घेतली. सीट रिकामी होती, दिवा काळा होता, गाडीत चिडीचूप होतं.

रिकाम्या सीटची ती शांतता माधवला सहन होईना. त्याने मागे वळून बघितलं, खिडकीपाशी बघितलं, पुन्हा मागे बघितलं. “रांग मोठी असेल,” तो म्हणाला. “मी त्यांच्याबरोबर जाऊन उभा राहतो.” आणि गाडी भर रस्त्यात तशीच सोडून तो धावत गेला.